दोरी ओढण्यापूर्वी

होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून टांगायची, वर इंजिन आणि खाली पाण्यात पंखा असलेली मोटार आपण सर्वांनी पाहिलेली असते. प्रत्यक्ष नसली तरी पुराच्या बातम्यांमधल्या रबरी बोटींवर नक्कीच. इंजिन होडीच्या पोटात नसून बाहेर असते, म्हणून तिचे नाव आउटबोर्ड मोटार. अमेरिकेत आणि युरोपात शंभर वर्षांपूर्वीच्या अशा मोटारी जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि होड्यांच्या शेडमध्ये अजून सापडतात. गंजलेल्या, पिस्टन अडकलेला, टाकीत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक साठलेला अशा अवस्थेत. त्या खोलून, साफ करून पुन्हा चालू करणे हा तिकडे एक रीतसर छंद आहे. १९६५ साली या छंदाच्या मंडळींनी अमेरिकेत एक संस्थाही काढली.

या छंदात आपल्याला रस असेलच असे नाही. पण त्यातून निघणारा एक प्रश्न शिक्षकाने वर्गात न्यावा असा आहे. १९१५ सालची मोटार पुष्कळदा पुन्हा चालते. त्यासाठी पान्यांचा एक संच, थोडे रॉकेल आणि भरपूर सवड असलेला माणूस पुरतो. उलट पंधरा वर्षांपूर्वीचा मोबाईल एकदा बंद पडला की त्याचा उपयोग कागदावर वजन ठेवण्यापुरता. असे का? ‘जुन्या वस्तू मजबूत असत’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. खरे उत्तर मोटार उघडल्यावर दिसते, आणि ते तितकेसे सुखाचे नाही. ज्या गुणामुळे ती शंभर वर्षांनी पुन्हा धडधडू शकते, त्याच गुणामुळे तिला अनेक तलावांतून बाहेर जावे लागले.

आइस्क्रीमची गोष्ट

आउटबोर्ड मोटारीचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तके एका आइस्क्रीमपासून सुरुवात करतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओकॉची नावाच्या तलावाकाठी १९०६ च्या उन्हाळ्यात काही तरुण मंडळी सहलीला गेली होती. त्यांतल्या बेस कॅरी या तरुणीला आइस्क्रीम हवे झाले. तिचा मित्र ओले एव्हिनरूड वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला आणि आइस्क्रीम घेऊन परतला, तोवर ते विरघळून गेले होते. वल्ही मारून दमलेल्या ओलेच्या मनात त्या वेळी होडीच्या मोटारीची कल्पना आली. (पाण्यावरच्या यंत्राशी नाव जोडल्या गेलेल्या माणसाचे नाव ‘ओले’ असावे, ही गंमत फक्त मराठी वाचकालाच कळेल.) पुढे बेस आणि ओले यांचे लग्न झाले.

गोष्ट गोड आहे आणि मुलांना सांगायला हरकत नाही. मात्र इतिहास शिकवणाऱ्याने तिला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, अशी मोटार त्याआधी कोणी केली होती का? केली होती. पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूव्हे याने १८८१ सालीच सेन नदीत विजेवर चालणारी होडी चालवून दाखवली होती. तिची मोटार सुकाणूवर बसवलेली होती आणि सुकाणूसकट काढून नेता येत असे. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने १८९६ मध्ये पेट्रोलवर चालणारी, होडीला अडकवायची मोटार थोड्या संख्येने बनवली होती. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीत आपल्या मोटारीची चाचणी घेतली आणि १९०६ पासून, म्हणजे आइस्क्रीमच्या त्या सहलीच्या वर्षापासूनच, तो मोटारी विकू लागला. तेव्हा कल्पना हवेतच होती.

दुसरा प्रश्न असा, की मग नाव एव्हिनरूडचे का राहिले? त्यासाठी माणूस कोण होता ते पाहावे लागते. ओलेचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिनमध्ये शेती करायला आले. शेतीत मन न रमलेला हा मुलगा यंत्रशाळांमध्ये उमेदवारी करत करत मिलवॉकी शहरात पॅटर्नमेकर झाला. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवणारा कारागीर. लोखंडाचा कोणताही भाग वाळूच्या साच्यात ओतायचा, तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. धातू थंड होताना आकसतो म्हणून ती किंचित मोठी करावी लागते. आणि ती वाळूतून न मोडता निघावी म्हणून तिच्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. यंत्राचा प्रत्येक भाग आधी हाताने लाकडात घडवणाऱ्या या माणसाला कोणता आकार ओतणे सोपे आणि कोणता अवघड, हे वेगळे शिकावे लागले नाही.

शिवाय घरात बेस होती. पहिली मोटार पाहून ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी दिसते असे ती म्हणाली, अशी आठवण सांगितली जाते. जाहिराती लिहिणे, पत्रव्यवहार, हिशेब हे सारे तिनेच सांभाळले. शोधकाच्या चरित्रात अशा व्यक्तीला बहुधा एक परिच्छेद मिळतो. कारखान्याच्या चरित्रात तिला निम्मी पाने मिळायला हवीत. १९१३ च्या सुमारास तिची प्रकृती ढासळली तेव्हा ओलेने आपला हिस्सा भागीदाराला विकून टाकला आणि पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याचा करार केला, यावरून तिचे स्थान ध्यानात यावे.

यंत्राचा सांगाडा

१९०९ मध्ये विक्रीला आलेली एव्हिनरूडची मोटार दीड अश्वशक्तीची होती. वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. तिची रचना अशी: सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा आणि त्याच्या डोक्यावर ताटासारखे आडवे फ्लायव्हील. क्रँकशाफ्टला जोडलेला उभा दांडा नळीतून सरळ पाण्यात उतरतो. तळाशी तिरक्या दातांची दोन चक्रे त्याची गती काटकोनात वळवून पंख्याला देतात. एकाच उभ्या रेषेत सगळे यंत्र. आजची शेकडो अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटार उघडली तरी उभा क्रँकशाफ्ट, खाली जाणारा दांडा आणि तळाची तिरकी चक्रे तशीच दिसतात.

इंजिन टू-स्ट्रोक. हे आपल्याला अनोळखी नाही. लूना आणि १९७२ सालापासून तीसेक वर्षे रस्त्यांवर राज्य करणारी बजाज चेतक ही दोन्ही वाहने टू-स्ट्रोकच होती. पेट्रोल भरताना त्यात ऑईल घालून घ्यायची सवय अनेक वाचकांच्या हाताला अजून असेल. हे ऑईल पेट्रोलमध्येच का घालतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

उत्तर इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांच्याकडे जाते. त्यांनी १८९१ च्या सुमारास इंजिनाच्या तळपेटीचाच, म्हणजे क्रँककेसचा, पंप बनवला. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखालच्या हवाबंद पेटीत दाब कमी होतो आणि पेट्रोल व हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाते आणि बगलेच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये शिरते. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. त्यामुळे चार-स्ट्रोक इंजिनातल्या झडपा नाहीत, कॅम नाहीत, त्यांच्या साखळ्या नाहीत. मुख्य हलणारे भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. तळपेटी मिश्रणाच्या ये-जा करण्याची जागा झाल्यामुळे तिथे ऑईल साठवून ठेवता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलबरोबरच आत पाठवायचे. बेअरिंगे साध्या ब्राँझची आणि ऑईल आजच्या मानाने हलके, म्हणून जुन्या मोटारींना ते भरपूर लागे. ब्रिटिश सीगल या पुढच्या काळातल्या प्रसिद्ध इंग्रजी मोटारीच्या जुन्या मॉडेलांना दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑईल लागत असे. आज अनेक टू-स्ट्रोक इंजिनांना पन्नासास एक पुरते.

हा सांगाडा ध्यानात ठेवला, की जुन्या मोटारीकडे वळता येईल.

काय मेले आहे, ते आधी पाहायचे

जुनी मोटार हाती लागली की पहिला मोह होतो तो फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढण्याचा. अनुभवी माणूस हा मोह आवरतो. पिस्टन गंजाने चिकटलेला असेल तर झटक्याने त्याच्या कड्या, म्हणजे रिंगा, तुटतात. ओतीव लोखंडाच्या या रिंगा ठिसूळ असतात. म्हणून आधी स्पार्क प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सोडायचे आणि स्वस्थ बसायचे. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडा. तेल केशाकर्षणाने पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीत झिरपते. केशाकर्षणाची आकृती पाठ्यपुस्तकात काचेच्या बारीक नळीची असते. गंजलेल्या इंजिनात तेच घडते, फक्त दिसत नाही. त्यानंतर फ्लायव्हील हाताने, इकडे-तिकडे थोडे थोडे हलवत मोकळे करायचे.

पुढचा अडथळा स्क्रूंचा, आणि इथे एक ऐतिहासिक गंमत आहे. १९०९ च्या लोखंड-पितळेच्या मोटारीतले स्क्रू पुष्कळदा सरळ निघतात. पुढच्या, सुधारलेल्या मोटारींचे मात्र निघत नाहीत. २८ किलोचे धूड होडीवरून काठावर वाहून नेणे हे काही सुख नव्हते, म्हणून १९२० नंतर वजन कमी करण्याची चढाओढ लागली. करार संपल्यावर ओले एव्हिनरूड परतला तो १९२१ मध्ये ‘एल्टो’ ही दोन सिलिंडरांची आणि तरीही केवळ ४८ पौंडांची मोटार घेऊन. १९२२ मध्ये इंडियाना राज्यातल्या जॉन्सन बंधूंनी त्याच्यावर ताण केली: दोन अश्वशक्ती आणि ३५ पौंड, म्हणजे १६ किलो. भागाकार करून पाहा. १९०९ मध्ये एका अश्वशक्तीमागे जवळजवळ १९ किलो वजन पडत होते, १९२२ मध्ये ८. ही किमया मुख्यतः ॲल्युमिनियमची. १८८६ मध्ये विद्युत्-विच्छेदनाची रीत सापडेपर्यंत हा धातू महाग होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सामान्य कारखान्याच्या आवाक्यात आला.

परंतु ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू घालून ते खाऱ्या पाण्यात नेले, की आपोआप एक विद्युतघट तयार होतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी. व्होल्टाच्या घटात याहून वेगळे काय असते? या घटात ॲल्युमिनियम झिजते. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि स्क्रूला चहूबाजूंनी आवळून धरते. जोर लावला की स्क्रूचे डोके तुटून हातात येते. इथे जोराऐवजी उष्णता कामाला येते. एका अंशाला लोखंडाचे प्रसरण दशलक्षात सुमारे १२ भाग, तर ॲल्युमिनियमचे २३ भाग. सहा मिलिमीटरचे भोक शंभर अंशांनी तापवले, तर ते स्क्रूपेक्षा सुमारे सात सहस्रांश मिलिमीटर अधिक मोठे होते. आकडा हास्यास्पद वाटतो, पण भुकटीची पकड सुटायला पुष्कळदा तो पुरतो. (हे सारे टाकी दूर ठेवून आणि पेट्रोलचा लवलेश नसताना करायचे, हे सांगायला नकोच.)

आता ठिणगी. एव्हिनरूडच्या सुरुवातीच्या मोटारींना सुक्या घटांची बॅटरी लागत असे. होडीत पाणी यायचेच, बॅटरी भिजायचीच. काही वर्षांतच त्याने फ्लायव्हीलमध्ये बसवलेला मॅग्नेटो आणला. मॅग्नेटो समजायला सायकलचा डायनामो आठवावा: तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरला की वेटोळ्यात वीज निर्माण होते. हे फॅरडेचे १८३१ सालचे विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन. पण डायनामोच्या पाच-सहा व्होल्टांनी ठिणगी पडत नाही. म्हणून मॅग्नेटोत एकावर एक दोन वेटोळी असतात, एक जाड तारेच्या थोड्या फेऱ्यांचे आणि दुसरे केसासारख्या तारेच्या हजारो फेऱ्यांचे. जाड तारेतला प्रवाह ऐन वेळी एकदम तोडला, की बारीक तारेत काही हजार व्होल्ट उसळतात. प्रवाह तोडणारे ते ‘पॉइंट’, आणि तोडताना पॉइंटवरच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. जुन्या स्कूटरच्या मेकॅनिकला हे शब्द सांगावे लागत नाहीत.

शंभर वर्षे पडून राहिलेल्या मॅग्नेटोत काय बिघडते? तांब्याची तार तशीच असते. लोखंडी गाभा वरून गंजतो, एवढेच. पॉइंटवर ऑक्साइडचा अदृश्य थर चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून त्यांच्यातली फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवली की ते बरे होतात. मरतो तो तारांमधला कागद, वार्निश आणि कापड. ओल शिरते, भेगा पडतात आणि हजारो व्होल्ट प्लगपर्यंत न जाता वेटोळ्याच्या आतच वाट काढतात. चुंबकही थकतो. पोलादाचे साधे चुंबक हळूहळू दुबळे होतात. जपानच्या तोकुशिचि मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचे नवे मिश्रधातू चुंबक शोधले आणि त्यातून पुढे अल्निको आला, तेव्हा हा प्रश्न मिटला. त्याआधीच्या मोटारीचा चुंबक मोठ्या प्रवाहाच्या वेटोळ्यात धरून पुन्हा ‘भरून’ घ्यावा लागतो.

तेव्हा ‘जुने ते मजबूत’ या म्हणण्यातली अर्धवट बाजू इथे उघडी पडते. जुन्या मोटारीतही नाशवंत गोष्टी भरपूर होत्या: कागद, बूच, चामडे, रबर, वार्निश. त्या सगळ्या मेलेल्याच सापडतात. पण त्या हाताने पुन्हा करता येतात. कागदाचे गॅस्केट कात्रीने कापता येते. (मात्र जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.) वेटोळे पुन्हा गुंडाळता येते. मेलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवायचा, तर त्यासाठी तो कारखाना शिल्लक असावा लागत नाही.

बुचाचा तरंगक आणि आपली लाख

या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारा भाग कार्बोरेटरमधला आहे. पेट्रोलची पातळी ठरावीक ठेवण्यासाठी तिथे एक तरंगक असतो; पेट्रोल वाढले की तो वर उचलला जातो आणि सुईने भोक बंद करतो. संडासच्या टाकीतल्या फुग्याचेच तत्त्व. त्या काळी तो बुचाचा करत. बूच पेट्रोल शोषून जड होऊ नये म्हणून त्यावर लाखेचा हात देत. ही लाख, म्हणजे शेलॅक, बहुतांशी भारतातून जगभर जाई. पळस, कुसुंब आणि बोर या झाडांवरच्या बारीक कीटकांचा तो स्राव. विस्कॉन्सिनच्या तलावावर धावणाऱ्या मोटारीत छोटा नागपूरच्या जंगलातली लाख असावी, याला व्यापाराच्या इतिहासातला एक छान धागा म्हणता येईल.

लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून हा तरंगक वर्षानुवर्षे टिकला. अलीकडच्या काळात मात्र पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागले. अमेरिकेत साधारण दहा टक्के, आपल्याकडे आता वीस टक्क्यांपर्यंत. आणि लाख अल्कोहोलमध्ये तर हमखास विरघळते. आपला सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच फ्रेंच पॉलिश करतो! परिणाम असा, की जतन केलेल्या मोटारीत आजचे पेट्रोल घातले तर काही काळाने तरंगकाची लाख सुटते, बूच पेट्रोल पिते, बुडते आणि कार्बोरेटर वाहू लागतो. सुटलेली लाख बारीक भोकांत जाऊन बसते ती वेगळीच. जाणकार मंडळी म्हणून इथेनॉलविरहित पेट्रोल शोधतात किंवा तरंगकाला इथेनॉल सोसणाऱ्या राळेचा लेप देतात. वर्गात लाखेचा एक खडा पाण्यात आणि एक स्पिरिटमध्ये टाकून ठेवावा. ज्योत जवळ नसावी. रात्रभरात फरक दिसतो.

साधेपणाची किंमत

आतापर्यंत टू-स्ट्रोकच्या साधेपणाचे गोडवे गायले. आता दुसरी बाजू.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरची दोन्ही भोके, ताजे मिश्रण आत येण्याचे आणि जळका धूर बाहेर जाण्याचे, एकाच वेळी उघडी असतात. ताजे मिश्रण धुराला बाहेर ढकलते हे खरे, पण त्या गडबडीत त्यातलेच काही न जळता बाहेर निसटते. झडपा नसल्यामुळे त्याला अडवणारे कोणी नाही. जुन्या पद्धतीच्या आउटबोर्ड मोटारीत पेट्रोलचा सुमारे पाव भाग असा वाया जातो, ऑईलसकट. स्कूटरचा निळा धूर तरी दिसत असे. होडीच्या मोटारीचा धूर बहुधा पाण्याखाली सोडलेला असतो, त्यामुळे आवाज कमी होतो आणि घाणही दिसत नाही, पाण्यावर पसरलेल्या रंगीत तवंगाखेरीज.

लाखो मोटारी झाल्यावर ही गोष्ट नजरेआड करणे शक्य राहिले नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम केला, की नव्या आउटबोर्ड मोटारींतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने टप्प्याटप्प्याने पाऊण हिश्श्याने कमी झाली पाहिजेत. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा यांच्या सीमेवरील टाहो हा तलाव स्वच्छ निळ्या पाण्यासाठी प्रसिद्ध. तिथे १९९९ पासून कार्बोरेटर असलेल्या टू-स्ट्रोक मोटारींना बंदी झाली.

एव्हिनरूडच्या नावाचा कारखाना तेव्हा एका मोठ्या कंपनीचा भाग होता. (बेस १९३३ मध्ये आणि ओले १९३४ मध्ये वारले, १९३६ पर्यंत जॉन्सन आणि एव्हिनरूड हे जुने प्रतिस्पर्धी एकाच छताखाली आले होते.) टू-स्ट्रोक न सोडता ती स्वच्छ करायची, असे या कंपनीने ठरवले. भोके बंद झाल्यानंतरच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले तर निसटायला काही उरणार नाही, ही कल्पना अगदी बरोबर होती. अशी इंजिने १९९७ मध्ये बाजारात आली. सुरुवातीला त्यांच्याविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या. डिसेंबर २००० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २००१ मध्ये कॅनडाच्या बोंबार्डिये कंपनीने एव्हिनरूडचे नाव विकत घेतले, फवारणीचे तंत्र पुढे चांगले सुधारलेही. पण २०२० मध्ये या नावाच्या मोटारींचे उत्पादन थांबले.

ही स्वच्छ टू-स्ट्रोक इंजिने क्षणाच्या हजाराव्या हिश्श्यात पेट्रोल फवारतात. केव्हा आणि किती, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यांतली एखादी मोटार आणखी ऐंशी वर्षांनी कोणाला शेडमध्ये सापडली, तर पिस्टन तेलाने मोकळा होईल, पॉइंट घासायला असणारच नाहीत, आणि संगणकाच्या ठोकळ्यात लिहिलेल्या सूचना पुसल्या गेल्या असतील तर त्या कागदाच्या गॅस्केटसारख्या कात्रीने कापून करता येणार नाहीत. म्हणून जुनी मोटार चांगली, असे मात्र मला म्हणायचे नाही. तलावातल्या माशाला कोणती मोटार आवडेल, हे उघड आहे. जुनी मोटार शाळेच्या प्रयोगशाळेत उघडून ठेवावी आणि तलावात नवी चालवावी, असे माझे मत. प्रयोगशाळेसाठी परदेशी मोटारही नको. भंगारवाल्याकडचे जुन्या स्कूटरचे इंजिन तेच सारे दाखवते.

छंदिष्ट मंडळी यावर आपला तोडगा काढतात. त्यांच्या संमेलनांत मोटार थोडाच वेळ चालवली जाते. पुष्कळदा तलावाऐवजी पाण्याने भरलेल्या पिंपात. पाणी हवेच, कारण सिलिंडर पाण्याने थंड होतो. कोरडी मोटार मिनिटभरही चालवू नये. एखादा ब्राँझचा भाग फुटलेला असेल आणि कोठेच मिळत नसेल, तर कोणीतरी त्याचा लाकडी नमुना घडवतो, थोडा मोठा, बाजूंना उतार देऊन, आणि ओतशाळेत देतो.

एव्हिनरूडच्या पहिल्या मोटारींना सुरू करायची दोरीही नव्हती. फ्लायव्हीलवर एक लाकडी मूठ होती. ती धरून चाक गरकन फिरवायचे आणि हात लगेच मागे घ्यायचा, कारण इंजिन लागले की मूठही फिरत राही आणि बोटांवर बसे. गिअर नव्हता, क्लच नव्हता; इंजिन सुरू होताक्षणी होडी चालू लागे. होडी मागे घ्यायची तर काय करत? ठिणगीची वेळ बदलून इंजिनच उलटे फिरवत. टू-स्ट्रोक इंजिन असे उलटे चालू शकते, झडपांचे चार-स्ट्रोक इंजिन चालू शकत नाही. का, ते दहावीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही इंजिनांच्या आकृत्या समोर ठेवून शोधायला सांगावे. आकृतीतला बाण उलटा काढायचा, आणि प्रत्येक भोक केव्हा उघडते ते पुन्हा मोजायचे.